आईचं बसायचं माप

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“छान आहे,” आई म्हणाली.

“पाठ टेकते नीट?”

“टेकते की.”

“मांडीला कुठं टोचत नाही ना?”

“नाही रे बाबा. छान आहे.”

दारापुढच्या कडुनिंबाखाली मी स्वतः केलेलं बाकडं मांडलं होतं आणि आई त्यावर, स्टुडिओत फोटोला बसवल्यासारखी बसली होती. मी गळ्यात टेप घालून पुढं उभा होतो. तिनं छान म्हटलं आणि मला बरं वाटलं. तेवढ्यावर मला बरं वाटलं, हे आठवलं की अजून माझा मलाच राग येतो. या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली.

बार्शीत आमचं शिंप्याचं दुकान, वडिलांच्या वेळेपासूनचं. पॅन्ट, शर्ट, सफारी, कोट. मी शिवलेला कपडा बसला नाही असं फारसं झालं नाही, आणि झालं तेव्हा मधल्या काळात गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असायचं. त्यामुळं बाकडं करायचं ठरलं तेव्हा मी सुताराकडं गेलोच नाही. लाकूड घरचं होतं. दुकानातलं कटिंगचं जुनं टेबल मोडलं होतं, चांगलं सागवानी, उन्हापावसात ठेवलं तरी काही होणार नाही असं. करवत आणि रंधा शेजारून मागून आणला. पौष चालू होता, पौषात लग्नं नसतात, त्यामुळं दुकानात हाताला काम नव्हतं. म्हटलं, माप घ्यायला आपल्याला येतं, कापायला येतं, कापडाच्या जागी लाकूड एवढाच काय तो फरक.

घाई होती ती अक्कामुळं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लातूरला असते. संक्रांतीला येऊन गेली आणि घरी पोचल्या पोचल्या तिनं फोन केला.

“सोपान, आई तुझ्याकडं नुसती बसून असते.”

“मग काय करायला पाहिजे तिनं? पंचाहत्तरीला आलीय.”

“सकाळी त्या सोफ्यात बसते ती संध्याकाळपर्यंत तिथंच. हिंडत नाही, बोलत नाही, बाहेर डोकावत नाही. मी चार दिवस बघत होते. पुढच्या रविवारी दाजींना घेऊन येते आणि तिला लातूरला नेते.”

“किती दिवस?”

“दिवस कसले? नेते म्हणजे नेते.”

मी फोन आपटला. मुलगा जिवंत असताना आई मुलीच्या दारात जाऊन राहिली म्हणजे मुलानं तिचं काय केलं असेल, ते आमच्याकडं कुणी विचारत बसत नाही. लोक आपापल्या मनानं भरून घेतात. आणि लोकांचं सोडा, मला आई घरात हवी होती. दुकानातून आल्यावर पुढच्या खोलीत ती दिसली नाही तर मी चप्पल काढायच्या आधी विचारायचो, आई कुठाय म्हणून.

तर मी असं ठरवलं की आई बाहेर बसलेली दिसली पाहिजे. गल्लीतल्या बायका चारच्या सुमाराला आमच्या निंबाखाली जमतात, कुणी लसूण सोलतं, कुणी तांदूळ निवडतं. पूर्वी आईही त्यांच्यात फरशीवर मांडी घालून असायची. गुडघे गेल्यापासून तिला खाली बसता येईना, म्हणून ती आत राहिली. बाकडं केलं की ती बाहेर येईल, चारचौघींत बोलेल, रविवारी अक्का डोळ्यांनी बघेल आणि गप लातूरला जाईल. एवढा साधा हिशेब होता.

आता माप. आमच्या वडिलांनी जन्मात कधी बाईच्या अंगाला टेप लावली नाही. घरातल्या बायकांचं काही शिवायचं असेल तरी त्यांनी मापाचं झंपर आणून द्यायचं आणि वडिलांनी ते पसरून नवीन कापायचं. मीही तेच शिकलो. मापाचा कपडा हातात असला की माणूस समोर लागत नाही, असं वडील म्हणायचे आणि आम्हाला त्याचा मोठा अभिमान. म्हणून आईच्या बाकड्यासाठी मी मापाची वस्तू शोधली. ती घरातच होती. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं सोफासेट आणला होता, त्यातली खिडकीजवळची एकट्याची खुर्ची म्हणजे आईची जागा. दिवसभर तिथंच बसते, म्हणजे तिला ती बसतेय. आई आंघोळीला गेली तेव्हा मी टेप लावली. जमिनीपासून पंधरा इंच उंच, आत बावीस इंच खोल, पाठ मागं चार इंच कललेली. बाकडं मी अगदी त्याच मापाचं केलं, सुताचाही फरक ठेवला नाही.

सोमवारी चारला तिला बसवलं आणि मी दुकानात गेलो. सहाला आलो तर बायका पांगल्या होत्या, आई घरात होती आणि माझी बायको प्रमिला हात चोळत उभी होती.

“काय झालं?”

“काही नाही. त्यांना उठवताना मनगट लचकलं.”

“उठवायला कशाला लागतंय?”

“मला काय माहीत. दोन्ही हात धरून ओढावं लागलं.”

मंगळवारी आई बाहेर आलीच नाही. ऊन लागतं म्हणाली. बुधवारी वारं आहे म्हणाली. पौषात सकाळी अकराला कोवळं ऊन पडतं, माणसं मुद्दाम ऊन खायला बाहेर बसतात, आणि हिला ऊन लागत होतं.

मी डोकं चालवलं. सोफ्याला गादी आहे, बाकड्याला नाही, तेव्हा गादीचे तीन इंच धरायचे राहिले असतील. खरं तर माणूस बसला की गादी दबते, म्हणजे हिशेब उलटा व्हायला पाहिजे होता. पण रागात असलो की मी सुलट विचार करत नाही, हे प्रमिला तुम्हाला सांगेल. मी बाकड्याच्या चारी पायांना खालून ठोकळे मारले. अठरा इंच उंची झाली. ठोकळ्यांचा जोड दिसायला लागला, तो मला बघवेना. कोटाचं अस्तर बाहेर आल्यासारखं वाटत होतं. म्हणून पुढून जमिनीपर्यंत एक फळी मारली, पॉलिश केलं. एकदम दुकानातून आणल्यासारखं दिसायला लागलं.

गुरुवारी पुन्हा आईला बसवलं.

“आता कसं?”

“छान आहे.”

तिचे पाय जमिनीपासून वर लोंबकळत होते. एका पायातली चप्पल गळून पडली. मी ती उचलून पुन्हा तिच्या पायात घातली आणि ती पुन्हा पडली.

“थांब,” मी म्हणालो आणि आतून जेवायचा पाट आणून तिच्या पायाखाली दिला. “आता?”

“आता तर फारच छान.”

“पाठ टेक की मग. अशी पुढं का बसलीस?”

“टेकते, टेकते.”

पाठ टेकायला ती मागं सरकली तर गुडघेच बाकड्यावर आले आणि पाय लहान पोरीसारखे सरळ पुढं झाले. समोरून जाणारी एक बाई हसली. आईसुद्धा हसली. मला मात्र हसू आलं नाही. मला वाटलं, ही मुद्दाम करते. मनातून हिला लातूरला जायचंय, तोंडानं सांगता येत नाही, म्हणून माझ्या बाकड्याला नाट लावतेय.

शुक्रवारी दुपारी जेवायला घरी आलो तर बाकड्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या.

“या कुणी घातल्या?”

“मी,” प्रमिला म्हणाली. “रिकामंच होतं.”

आत आई सोफ्यात बसली होती, खिडकीकडं तोंड करून. माझं डोकंच फिरलं.

“आई, तुला नक्की काय पाहिजे ते एकदा सांग,” मी म्हणालो. “पाच दिवस झाले मी हे करतोय. हाताला फोड आलेत. विचारलं की छान आहे म्हणतेस आणि बसत तर नाहीस. परवा अक्का येणार. तिला काय दिसणार? तू इथंच, याच सोफ्यात. मग ती नेणारच. तुला जायचंच असेल तर तसं सांग. मी निदान चांगलं लाकूड तरी वाया घालवत नाही.”

“आवाज खाली घ्या,” प्रमिला म्हणाली.

“का घेऊ? या सोफ्यात तिला दिवसच्या दिवस बसता येतं. तेच माप आहे, तेच. इथं बसता येतं आणि बाहेर काय होतं?”

आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती तशीच बघत म्हणाली, “तेच माप आहे म्हणून तर.”

“म्हणजे?”

“या सोफ्यातनं मला उठता येत नाही.”

मला वाटलं, आज गुडघे जास्त दुखत असतील. “कधीपासनं?”

“तू आणलास तेव्हापासनं.”

“दोन वर्षं झाली त्याला.”

“झाली ना.”

“काहीतरीच काय. तू तर दिवसभर इथंच बसतेस.”

“उठता येत नाही म्हणून बसते,” आई म्हणाली. ती चिडली नव्हती की रडत नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगत होती. “एकदा आत गेलं की पाय जमिनीला लागत नाहीत नीट, हाताला धरायला पुढं काही नाही. किती जोर लावला तरी मागंच जाते मी.”

“मग उठतेस कशी?”

तिनं प्रमिलाकडं बघितलं आणि मग पदराशी चाळा करत म्हणाली, “घरात कुणी नसलं की पुढं सरकत सरकत खाली उतरते, फरशीवर. मग रांगत खिडकीपाशी जाते आणि गजाला धरून उभी राहते. वेळ लागतो, पण जमतं.”

प्रमिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती ती तिथंच खाली बसली.

“मला हाक मारायची ना, आई,” ती म्हणाली.

“किती वेळा मारायची ग? जेवायला एकदा, मोरीत जायला चारदा. तुला दुसरी कामं नाहीत का?”

“म्हणून तुम्ही दुपारचा चहा सोडलात? पित्त होतं म्हणून सांगितलंत मला.”

“चहा घेतला की उठावं लागतं,” आई म्हणाली.

प्रमिला रडायला लागली. मी उभाच होतो, हातात एक मिरची होती, ती कधी उचलली ते आठवत नाही. मी गिऱ्हाइकाला शंभरदा सांगतो, पॅन्ट घालून नुसतं आरशापुढं उभं राहू नका, खाली बसून बघा, जिना चढल्यासारखा पाय वर घेऊन बघा. नुसतं उभं राहिलं की कुठलीही पॅन्ट चांगलीच दिसते. आणि आईला मी पाच दिवस बसवत होतो. कसं वाटतंय विचारत होतो. एकदा उठून दाखव, असं काही मी म्हणालो नाही. मला इतकी लाज वाटली की ती कुणाला कळू नये म्हणून मी पुन्हा आवाज चढवला.

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?”

“तू एवढ्या हौसेनं आणलास. आल्यागेल्याला सांगायचास, ही आईची जागा म्हणून. कुणी चुकून बसलं तर त्याला उठवायचास. त्यावर मी काय बोलू?”

मी तिचे दोन्ही हात धरले आणि तिला उठवलं. ती फार हलकी झाली होती.

त्या दुपारी मी दुकान उघडलंच नाही. बाहेर निंबाखाली विटा रचल्या, त्यावर एक रुंद फळी टाकली आणि आईला म्हणालो, “बस. आणि आता छान म्हणालीस तर बघ.”

“मग काय म्हणू?”

“उठ. उठता येतंय का ते सांग.”

पहिल्या खेपेला नाही आलं. मी विटांचा एक थर वाढवला. मग उठता आलं पण बसल्यावर टाचा वर राहायला लागल्या. वीट काढली की कमी, घातली की जास्त. तेव्हा मी दुकानातून सुटिंगच्या नमुन्यांची जाड बुकं आणली आणि विटांवर एकेक ठेवत गेलो. आई बसायची, उठायची, मी बुक घालायचो, काढायचो. सुरुवातीला ती भीत भीत सांगत होती. चौथ्या-पाचव्या वेळेला तिला कंठ फुटला.

“नाही. जरा खाली घे.”

“एवढं?”

“फार झालं. अर्ध्या बोटानं वर. आणि तू असा समोर उभा राहू नकोस, मला पुढं वाकायला जागा पाहिजे.”

मी बाजूला झालो. प्रमिला पायरीवर बसून बघत होती. आई सरळ उठत नव्हती. आधी पुढं सरकायची, मग दोन्ही पावलं मागं, फळीच्या खाली घ्यायची, पुढं झुकायची आणि मग वर यायची. पावलं खाली घेता आली नाहीत तर तिला उठताच येत नव्हतं. सोफा पुढून जमिनीपर्यंत बंद आहे. आणि मी बाकड्याला पुढून फळी मारली होती, वर पॉलिशही केलं होतं.

“हाताला काहीतरी पाहिजे,” आई म्हणाली. “पुढं आलेलं. मागं असून उपयोग नाही.”

“किती उंच?”

“ते तू मोज की. टेप कशाला आहे गळ्यात?”

मग मी तिच्यापुढं गुडघे टेकून बसलो. तिनं निऱ्या जरा वर घेतल्या, घोट्याच्या वर, आणि मी टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंत टेप धरली. पावणेपंधरा. कमरेपासून गुडघ्याच्या खळग्यापर्यंत सोळा, म्हणजे बैठक पंधराच्या पुढं नेली की तिला पाठ टेकता येणार नाही. मी बावीस ठेवली होती. तिचे गुडघे नारळाएवढे सुजले होते. इतक्या वर्षांत ते मी कधी बघितलेच नव्हते. मी मान वर केली नाही, आकडे मोठ्यानं म्हणत राहिलो आणि प्रमिला लिहून घेत राहिली.

“साडेसोळावर उठायला बरं पडलं,” आई म्हणाली. “ते लिही. नुसतं मोजलेलं लिहू नको.”

शनिवारी मी बाकडं पूर्ण उकललं. सात इंच चांगलं सागवान कापून बाजूला टाकताना जीव खालीवर झाला, पण कापलं. पुढची फळी काढली. पाठ उभी केली, दीडच इंच कल ठेवला. दोन्ही बाजूंना हात लावले, बैठकीपासून साडेसात इंचांवर, पुढं चार बोटं बाहेर आलेले, आणि धरायला गोल घासले. दोनदा मोजमाप चुकलं, एकदा करवत बोटावर बसली. चारच्या सुमाराला आई त्यावर बसली आणि उठली. पुन्हा बसली आणि पुन्हा उठली. गल्लीतल्या बायकांनी तिला विचारलं, काय करताय काकू, तर म्हणाली, लेकाचं काम तपासून घेतेय. त्या दिवशी तिनं दुपारचा चहा घेतला.

रविवारी अकराच्या सुमाराला अक्का आली. दाजी गाडीतच बसून राहिले. त्यांना आमची भांडणं माहीत आहेत. आई बाकड्यावर ऊन खात बसली होती. अक्का तिच्याजवळ टेकली आणि लगेच उठली.

“हे कसलं रे बाकडं? अर्धी मांडी बाहेर राहते. उंच माणसानं बसायचं कसं?” अक्का वडिलांवर गेलीय, चांगली उंच आहे.

“तुझ्यासाठी नाही ते,” आई म्हणाली.

अक्कानं माझ्याकडं मोर्चा वळवला. “बाहेर एक बाकडं टाकलं म्हणजे झालं का सोपान? मी चार दिवस डोळ्यांनी बघितलंय. बाई दिवसभर एका जागेवर. तुमच्या कुणाच्या लक्षात तरी येतं का?”

आठ दिवस मी या वाक्याला उत्तर तयार करत होतो. पाठ केलं होतं म्हणा ना. पण तोंडातून भलतंच आलं.

“नाही आलं,” मी म्हणालो. “तिला त्या सोफ्यातनं उठता येत नव्हतं, अक्का. दोन वर्षं. रांगत जाऊन खिडकीला धरून उठायची. दुपारचा चहा सोडला होता तिनं, सारखं उठायला नको म्हणून. मला परवा कळलं, तेही तिच्यावर ओरडलो तेव्हा.”

अक्का आता तोंड सोडेल असं मला वाटलं, आणि सोडलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “मी पण चार दिवस होते. मी पण नाही विचारलं.” मग डोळे पुसून म्हणाली, “तरी मी नेणार.”

“आता कशाला? आता तिला बसता येतं, उठता येतं, बाहेर येते. बघ तू. विचार तिला.”

“विचारायचं काय त्यात—”

“मी येते,” आई म्हणाली.

अक्कानं आणि मी एकदमच तिच्याकडं वळून बघितलं.

“माझी पिशवी भरलीय. प्रमिलानं काल भरून दिली.”

मी दाराकडं बघितलं. प्रमिला पिशवी हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं माझी नजर चुकवली. मला दोघींचाही भयंकर राग आला. पाच दिवस, सहा दिवस म्हणा, मी कशासाठी मरत होतो?

“आई, हे मी तू राहावीस म्हणून केलं,” मी म्हणालो. “तुला माहीत होतं ते.”

“माहीत होतं की. चांगलं केलंस, मनापासनं सांगते.”

“मग जातेस कशाला?”

“आठ दिवसांपूर्वी गेले असते तर अक्कानं मला उचलून नेलं असतं, बोचक्यासारखं. आणि राहिले असते तर तू बसवलंस म्हणून राहिले असते. कुणी मला विचारत होतं का? तू अक्काशी भांडत होतास, अक्का तुझ्याशी.” ती शांतपणे बोलत होती. “मला आता उठता येतंय, तर जरा जाऊन येते. लातूर बघते, नातवंडं बघते. यावंसं वाटलं की येईन.”

“कधी?”

“ते मला कुठं माहीत?”

“लोक काय म्हणतील?”

“सांग, आई लेकीकडं गेलीय म्हणून. खोटं आहे का काही त्यात?” मग अक्काकडं वळून म्हणाली, “तुझ्या घरातलं सगळं उंच असतं. सोपान, ती मापं हिला एका कागदावर लिहून दे.”

मी आत गेलो, कागद घेतला आणि लिहिलं. उंची साडेसोळा. खोली पंधरा. हात साडेसात, पुढं आलेले. पुढून फळी मारायची नाही. शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा ओढल्या, कागदाला भोक पडेपर्यंत. बाहेर येऊन तो अक्काला दिला. तिनं वाचला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. आमच्यात पहिल्यांदाच भांडणाशिवाय काहीतरी ठरलं.

प्रमिलानं पिशवी गाडीत ठेवली. दाजी उतरले आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

“चल आई, दे हात,” अक्का एका बाजूनं म्हणाली.

मीही दुसऱ्या बाजूनं हात पुढं केला. सवयीनं केला, की अजून ती माझ्या हातानं उठावी असं वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही.

आईनं दोघांच्या हाताकडं बघितलं. मग ती बाकड्यावर पुढं सरकली, पावलं खाली मागं घेतली, दोन्ही बाजूंच्या लाकडाला धरून झुकली आणि उभी राहिली. पदर नीट केला, चपला सरकवल्या. अक्का आणि मी हात पुढं करून तसेच उभे होतो आणि ती आमच्या दोघांच्या मधून गाडीकडं चालत गेली.